कुबडात पाणी नसतं

प्रिय मुक्ता,

प्राणी परिस्थितीशी कसे जुळवून घेतात, यावरचा तुझा निबंध वाचला. उंट कुबडात पाणी साठवतो, हे वाक्य आधी खोड. कुबडात चरबी असते. तीच अंगभर पसरली असती, तर उष्णता बाहेर पडायला अडथळा झाला असता.

पाण्याची खरी गंमत वेगळीच आहे. आपलं अंग जरा तापलं की घाम सुटतो. तहानलेला उंट मात्र इतक्यात घाम गाळत नाही. पहाटे त्याचं तापमान ३४ अंशांपर्यंत उतरतं, दुपारी ते ४० अंशांवर जाऊ देतो आणि अंगात साठलेली उष्णता रात्रीच्या गारव्यात सोडतो. प्राण्यांच्या शरीरक्रियांचे अभ्यासक क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकात सहारात जाऊन हे मोजलं. दिवसाकाठी काही लिटर पाणी असं वाचतं! तरीही वजनाच्या पाव हिश्श्याइतकं पाणी अंगातून गेलं, तरी तो चालत राहतो; माणूस त्याच्या बराच आधी जिवाला मुकेल. मग पाणी दिसलं की दहा-पंधरा मिनिटांत शंभरेक लिटर ढोसतो. त्याच्या रक्तातल्या लंबगोल तांबड्या पेशी फुगतात, पण फुटत नाहीत.

'वाळवंटात राहण्यासाठी उंटाने स्वतःला बदलले' हे मात्र मला खटकलं. असं कुणी ठरवून बदलत नाही गं. पिल्लापिल्लांत थोडा फरक असतोच; ज्यांना तो कामी येतो ती तगतात, त्यांचीच वीण वाढते. शिवाय उंटाचे पूर्वज उत्तर अमेरिकेतले. कॅनडाच्या उत्तर टोकाच्या एल्समियर बेटावर सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीच्या उंटाचं हाड सापडलं. २०१३ साली ते जाहीर झालं. तेव्हा तिथे जंगल होतं, पण हिवाळा लांबलचक आणि अंधारा. म्हणजे ते फताडे पाय आधी बर्फात उपयोगी पडले असावेत, वाळू नंतर आली, असा शास्त्रज्ञांचा कयास आहे.

अंटार्क्टिकाचे मासे तू एका ओळीत उरकलेस. तिथलं पाणी शून्याखाली जवळजवळ दोन अंश. त्यांच्या रक्तातली प्रथिनं बर्फाच्या कणांना चिकटून त्यांना वाढूच देत नाहीत. पण यातल्या काही जाती सहा-सात अंशांच्या पाण्यातही मरतात, आपल्याला ज्यात बोट बुडवलं तरी हुडहुडी भरेल अशा! समुद्र तापतोय काही दशकांत, आणि असे बदल रुजायला पिढ्यान् पिढ्या जातात. शेवटचा परिच्छेद यावरच लिही. ध्रुवीय अस्वल नको, ते सगळेच लिहितात.

तुझा,
बाबा