कॅप्टनकाकांस, गोल्फ मंडळाच्या वतीने

आदरणीय कॅप्टनकाका,

सादर नमस्कार.

मस्कतच्या शाखेने पहिली फेरी खेळून आपली गुणपत्रके फोंड्याला पाठवली आहेत. ती वाचल्यावर हे पत्र आणखी लांबणीवर टाकणे मला बरे वाटेना. समोर बसून आभार मानू लागले की आपण विषय बदलता, म्हणून सर्वांच्या देखत लिहिते आहे.

जिथे चार गोमंतकीय असतील तिथे एक शाखा असावी आणि सर्वांनी हसतखेळत गोल्फ खेळावा, ही कल्पना घेऊन आम्ही आधी ज्यांची दारे ठोठावली त्यांची नावे घेण्याचे कारण नाही. एका जाणकारांनी सभासदांच्या हँडिकॅपची (खेळाडूला मिळणाऱ्या फटक्यांच्या सुटीची; खेळाडू जितका कसलेला तितकी ती कमी) यादी मागितली आणि ती जवळजवळ कोरी असल्याचे पाहून ‘आधी खेळ शिका, मग मंडळ काढा’ असे सुनावले. दुसऱ्या सद्गृहस्थांना अध्यक्षपद तेवढे हवे होते. मैदानावर येण्यास मात्र सवड नव्हती. पहिल्या गृहस्थांचा सल्ला गोव्यातल्या गावोगावच्या नाट्यमंडळांनी मानला असता, तर आमच्या जत्रांत पडदा कधी उघडलाच नसता.

आपण त्याच कोऱ्या यादीच्या पाठीमागे स्टेबलफर्ड ही गुण मोजण्याची पद्धत लिहून दिलीत. डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांची ही पद्धत १९३२ मध्ये इंग्लंडमधील वॉलसीच्या स्पर्धेत वापरली गेली. हँडिकॅपची सूट धरून पार, म्हणजे त्या होलसाठी (मैदानावरच्या त्या टप्प्यासाठी) ठरलेले फटके, साधला तर दोन गुण, एक फटका जास्त लागला तर एक, आणि त्याहून बिघडले तर शून्य घेऊन, चेंडू उचलून पुढे निघायचे. एखाद्या होलवरची फजिती त्या होलवरच संपते, हे आमच्यासारख्यांना केवढे वरदान आहे हे नवखा माणूसच जाणे. दुबईच्या खेळाडूने फोंड्याच्या खेळाडूशी एका मैदानावर न येता कसे लढावे, हेही आपणच उलगडून सांगितलेत: २०२० मध्ये जागतिक हँडिकॅप पद्धत आली, पूर्वीच्या सहा वेगवेगळ्या पद्धतींची एक झाली, कमाल हँडिकॅप ५४ ठरला आणि मैदानाच्या अवघडपणाचा आकडा ५५ ते १५५ या पट्ट्यात, ११३ हे प्रमाण धरून, मोजला जाऊ लागला. मात्र अधिकृत हँडिकॅप मान्यताप्राप्त क्लबकडूनच मिळतो, आपला आकडा घरगुती आहे, हे कार्डावर स्पष्ट छापण्याचा आग्रहही आपलाच. बाकी कागदपत्रांची कथा इथे सांगत बसत नाही.

हे सर्व कोणत्याही हुशार माणसाने केले असते. माझ्या मनातून जात नाही ती राजबागची सकाळ. काणकोणच्या त्या नऊ होलांच्या मैदानावर आम्ही करमल घाट ओलांडून पहिल्यांदाच एकत्र आलो होतो. आमच्या निवृत्त शिक्षिका बाई, ज्यांनी साठी उलटल्यावर गोल्फची काठी हाती धरली, बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, अडकल्या. वाळू उडत होती, चेंडू जागचा हलत नव्हता आणि मागची परकी चौकडी कमरेवर हात ठेवून उभी होती. आपण हात करून त्या चौकडीला पुढे काढून दिलेत. इतके कोणीही समंजस खेळाडू करील. पण चेंडू एकदाचा बाहेर पडल्यावर बाई दाताळ्याकडे वळणार, तोच आपण स्वतः बंकरमध्ये उतरलात आणि त्यांच्या पावलांचे व फटक्यांचे खळगे एकेक करून सारखे केलेत. ज्याने वाळू विस्कटली त्याने ती सारखी करावी, असा या खेळाचा रिवाज आहे. आमच्यात सर्वांत कसलेले खेळाडू आपण, आपला चेंडू झेंड्याच्या जवळ पडलेला, आणि दाताळे ओढता ओढता आपण बाईंना एवढेच विचारलेत, ‘पुढच्या होलवर पहिला फटका तुम्ही मारणार ना?’ वास्तविक तो मान मागचा होल जिंकणाऱ्याचा, म्हणजे आपलाच होता.

आपण सल्ला दिला नाहीत, याचे मोल मला सर्वांत अधिक वाटते. गोल्फच्या मैदानावर चुकणाऱ्या माणसाला न मागता काही न शिकवणे किती जणांना जमते? खेळाच्या नियमावलीतला पहिलाच नियम खेळाडूच्या वर्तनाविषयी बोलतो, पण तो पाठ असलेली माणसेही दुसऱ्याची पडती बाजू पाहिली की उपदेशक होतात. सभ्य माणूस त्या वेळी काहीतरी हातातले काम शोधतो, आणि समोरच्याला आपण उपकृत झालो असे वाटण्याची वेळच येऊ देत नाही.

हीच नजर आपण गावाकडेही ठेवलीत. गोव्यात गोल्फचे नाव काढले की जमीन, पाणी आणि रसायने यांवरून झालेले जुने विरोध आठवतात, आणि ते विनाकारण झाले नव्हते. मंडळ नव्या मैदानाची मागणी कधीही करणार नाही, आहेत त्यांवरच खेळेल, हे कलम आपण पहिल्याच बैठकीत घालून घेतलेत. आपले जहाज आखातातल्या बंदरात लागले की कृत्रिम गवताचा तुकडा बगलेत मारून वाळूच्या मैदानावर, होलभोवती हिरवळीऐवजी केलेल्या, तेल मिसळलेल्या वाळूच्या ‘ब्राऊन’वर खेळलेल्या माणसाला हिरवळ ही चैन आहे हे वेगळे सांगावे लागत नसावे.

बाई त्या दिवशी शेवटून पहिल्या आल्या आणि शेवटच्या क्रमांकाचे शहाळे त्यांनी मोठ्या दिमाखात स्वीकारले. आता त्या मडगाव शाखेच्या खजिनदार आहेत आणि वर्गणी थकवणाऱ्यांना अजिबात सोडत नाहीत.

आपल्याला न विचारता एक कलम आम्ही नियमावलीत वाढवले आहे: चौकडीतील सर्वांत कमी हँडिकॅपच्या खेळाडूने सर्वांत जास्त हँडिकॅपच्या खेळाडूचा बंकर सारखा करावा. हे आपल्यालाही लागू आहे का, असे मस्कतकरांनी विचारले होते. आहे, असे मी कळवले. अध्यक्षपद आपण नाकारल्यामुळे ते रिकामेच ठेवले आहे आणि त्यावाचून काही अडलेले नाही. सुधारित मसुदा सोबत पाठवत आहे. शुद्धलेखन आपल्या सवयीप्रमाणे लाल शाईने तपासावे.

आपली नम्र,
सचिव, फोंडा शाखा