व्यवसाय शिक्षणाआधी वेळापत्रक बदला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० आल्यापासून माध्यमिक शाळांतील व्यवसाय शिक्षणाची चर्चा बहुतेक ‘कोणता विषय सुरू करायचा’ याभोवतीच फिरते आहे. या चर्चेत अमेरिकेतील ‘करिअर अकॅडमी’चा दाखला दिला जातो खरा, परंतु तिथे विषयापेक्षा शाळेच्या मांडणीवर भर होता आणि आपण तीच बाजू सोडून देत आहोत.

फिलाडेल्फियातील एडिसन हायस्कूलमध्ये १९६९ साली वीजकामाशी निगडित पहिली अकॅडमी सुरू झाली, ती प्रामुख्याने मुलांची गळती रोखण्यासाठी. मोठ्या हायस्कूलमधील साधारण दीडशे-दोनशे मुलांचा एक गट करायचा, त्याला आरोग्यसेवा किंवा वित्त असे एखादे क्षेत्र द्यायचे आणि बारावीपर्यंत शक्यतो तेच शिक्षक ठेवायचे, अशी ही रचना आहे. भाषा, गणित, विज्ञान यांना तिथे फाटा दिला जात नाही. उलट आरोग्यसेवेच्या गटाला गुणोत्तर-प्रमाण औषधाच्या मात्रेवरून शिकवता येते, कारण गणिताचे आणि व्यवसाय विषयाचे शिक्षक एकाच तासिकेला मोकळे असतात व एकत्र बसून पाठ आखतात.

याचा परिणाम एमडीआरसी या संशोधन संस्थेने नऊ हायस्कुलांत तपासला. अर्ज केलेल्या मुलांतून सोडतीने निवड करून, शालेय शिक्षण संपल्यानंतरची आठ वर्षे निवड झालेल्या आणि न झालेल्या अशा दोन्ही गटांचा मागोवा घेतला, तेव्हा अकॅडमीतील मुलांची कमाई सरासरी ११ टक्क्यांनी अधिक आढळली. पदवीपर्यंत पोहोचण्याच्या प्रमाणात मात्र फारसा फरक नव्हता. यात चमत्कार काही नाही. परंतु ‘व्यवसायाकडे वळलेले मूल पदवीला मुकते’ ही पालकांची धास्तीही या अभ्यासात खरी ठरली नाही. नुसता आकार लहान करून भागत नाही, हेही गेट्स फाउंडेशनने छोट्या शाळांवर मोठा खर्च केल्यानंतर २००९ मध्ये मान्य केले.

आता आपल्याकडे पाहू. पर्यवेक्षक म्हणून मी अनेक वर्षे वेळापत्रक बसवले आहे. संचमान्यतेत, म्हणजे शासनाने मंजूर केलेल्या पदसंख्येत, मिळालेल्या शिक्षकांत आठवड्याच्या तासिका भागवताना इतिहासाच्या शिक्षकांकडे सात-आठ तुकड्या येतात, त्यामुळे वर्ष सरले तरी मुलांची नावे त्यांच्या तोंडी बसत नाहीत. एखादी तासिका रिकामी दिसली की शिपाई बदली तासाची (गैरहजर शिक्षकाच्या जागी घ्यायच्या तासाची) वही घेऊन हजर! ऑटोमोबाईल किंवा रिटेल शिकवणारे प्रशिक्षक बहुधा एजन्सीमार्फत कंत्राटावर आलेले असतात. त्यांना गणिताच्या शिक्षकांशी दोन शब्द बोलायचे तर मधल्या सुट्टीखेरीज सवड नाही. अशा स्थितीत नवा विषय म्हणजे गुणपत्रिकेतील आणखी एक ओळ ठरते.

वेळापत्रक वाकवणे आपल्याला परके नाही. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळला स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमाच्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ अभ्यासक्रमासाठी शाळा आठवड्याचा एक दिवस हातांनी करायच्या कामाला देत आल्या आहेत.

माझी सूचना मर्यादित आहे. नववीच्या चार किंवा अधिक तुकड्या असलेल्या शाळांत दोन-दोन तुकड्यांमागे शिक्षकांचा एक ठरावीक संच नेमावा, तो दहावीपर्यंत बदलू नये, व्यवसाय प्रशिक्षकाला त्यात सामावून घ्यावे आणि त्या सर्वांना आठवड्यातून एक सामाईक मोकळी तासिका द्यावी, जी बदली तासासाठी वापरता येणार नाही. (एकेक तुकडीच्या खेड्यांतील शाळांत अर्धे काम आधीच झालेले आहे.) यासाठी नवीन पद लागत नाही, शिक्षण विभागाचे एक परिपत्रक पुरे. त्यात एक अट मात्र ठळकपणे घालावी लागेल: व्यवसायाच्या तुकडीत सर्व गुणगटांतील मुले असावीत, अन्यथा ती पहिल्याच वर्षी ‘ढ’ मुलांची तुकडी म्हणून ओळखली जाईल आणि एकही पालक तिकडे फिरकणार नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पर्यवेक्षक, सांगली