सूचना : रविवारी कबड्डीची फिल्म, आणि तिच्यावर बोलणं

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी 5 वाजता नौपाड्यात, नेहमीच्या खोलीत जमायचं आहे. आपल्या एका नव्या सदस्येने कबड्डीवर सहा मिनिटांची फिल्म केली आहे, आयुष्यातली पहिलीच. ती दोनदा बघू. पहिल्यांदा गप्प बसून, मोबाईल खिशात.

बोलताना एवढं पाळा :

– नुसतं "छान" किंवा "जमलं नाही" नको; मिनिट-सेकंद सांगा. मी कच्ची प्रत पाहिली. 2:10 ला चढाईपटू डावीकडून उजवीकडे जातो, पुढच्याच शॉटमध्ये उलटा! कॅमेरा मैदानाच्या पलीकडच्या बाजूला नेल्यामुळे तो स्वतःच्याच संघावर चाल करून आल्यासारखा दिसतो. असं नेमकं सांगितलं की तिला दुरुस्त करता येतं.

– चढाई 30 सेकंदांची. तो ताण एडिटमध्ये टिकतो का, बघा. "कबड्डी-कबड्डी"चा दम मला तरी संगीताखाली दबलेला वाटला.

– दिव्यांखाली पडद्यावर पट्टे सरकतात. आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे कॅमेऱ्याचं शटर (प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ) 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवलं तर ते बहुतेक जातात. हे सांगा, टोमणा मारू नका.

सगळ्यांचं होईपर्यंत तिने खुलासा करायचा नाही. आपणही "मी असतो तर" सुरू करायचं नाही. (मागच्या खेपेला एकाने त्यात वीस मिनिटं खाल्ली. तो मीच.)

येणार असाल तर शनिवारी रात्रीपर्यंत कळवा. खुर्च्या पंधराच आहेत.