अक्षरजुळणी करणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या वार्षिकांकात तुमचं नाव शेवटच्या पानावर, 'अक्षरजुळणी' या शब्दापुढे, बारीक टायपात असतं. तिथवर कुणी पोचत नाही. मीही पोचलो नव्हतो, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

दुसऱ्या वर्षाला असताना मी आजोबांवर लेख दिला होता, मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला. तो तुमच्या श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घेताना रफार भलत्याच अक्षरांवर जाऊन बसले, जोडाक्षरं फुटली आणि मला प्रेसमध्ये बोलावणं आलं. शेजारी बसवून तुम्ही एकेक शब्द विचारत होतात. मी सगळीकडे 'आणी' लिहिलं होतं. शेवटचा इकार दीर्घ, हा नियम पाठ होता. 'आणि' त्याला अपवाद, हे तुमच्याकडून कळलं.

मग स्क्रीनवरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "'काळाने घाला घातला' हे आज चौथ्यांदा टाइप करतेय." मला राग आला. खरं सांगायचं तर लेखातलं तेच वाक्य मला सगळ्यात भारी वाटत होतं. पाठोपाठ विचारलंत, "आजोबा गेले त्या दिवशी त्यांचा चष्मा कुठे होता?"

चष्मा गोळ्यांच्या पाकिटावर होता. एक काडी दोऱ्याने बांधलेली. आजीने तो पदराने पुसून डबीत ठेवला, डबी मिटली, परत उघडून बघितली, परत मिटली. हे लेखात का नाही, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते लिहिण्याजोगं असतं, हेच ठाऊक नव्हतं. तिथेच एका पाठकोऱ्या कागदावर पाच ओळी लिहिल्या. तुम्ही 'काळाने घाला' काढून त्या बसवल्या. तुमचं बाकीचं काम खोळंबलेलं असताना.

त्याच आठवड्यात वर्गात बालकवींची 'औदुंबर' चालू होती. आम्ही वहीत 'उदासीनता, निसर्गप्रतिमा' वगैरे उतरवून घेत होतो. परीक्षेला तेच लागतं. मी ओळी मोजल्या. आठ. त्यांत हिरवा, निळासावळा, पांढरा, काळा असे रंग येतात. 'मी' एकदाही येत नाही. दुःख हा शब्दच नाही. आणि जिच्यावर त्याचं नाव आहे त्या कवितेत औदुंबर येतो तो थेट शेवटचा शब्द म्हणून. तोवर नुसतं पाणी, पायवाट, चार घरं. मला आजीच्या हातातली डबी आठवली आणि पुढचा तास काय चाललंय ते कळलं नाही.

यंदा मी विद्यार्थी संपादक मंडळात आहे. 'काळाने घाला' तीन लेखांत सापडला. खोडला नाही, समासात फक्त 'चष्मा?' असं लिहून लेख परत दिले. दोघांनी येऊन अर्थ विचारला. तिसऱ्याने अजून बोलणं टाकलंय.

सोमवारी बाड घेऊन येतो. दोन लेखांचं अक्षर भयंकर आहे, त्याबद्दल आधीच माफी. 'आणि' मात्र सगळीकडे तपासलाय.

आपला,
आजोबांच्या लेखवाला