३ फेब्रुवारीच्या बैठकीची आठवण

सर्व सभासदांना नमस्कार. येत्या ३ फेब्रुवारीला, मिलर्ड फुलर यांच्या स्मृतिदिनी, संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या जागी जमायचे आहे.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्याचे हे गृहस्थ तिशीच्या आतच लक्षाधीश झाले. पण संसार मोडायची वेळ आली, तेव्हा त्यांनी आणि पत्नी लिंडा यांनी संपत्ती वाटून टाकली. पुढे येशूवरच्या श्रद्धेने जॉर्जियातल्या अमेरिकस या छोट्या शहरात गरिबांसाठी घरे बांधायला घेतली. १९७६ साली त्यातून ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था उभी राहिली. नफा नाही, घरासाठी दिलेल्या कर्जाला व्याज नाही, मात्र घर घेणाऱ्या कुटुंबाने बांधकामावर स्वतः घाम गाळायचा. मला तर हीच अट सर्वांत मोलाची वाटते.

२००६ साली लोणावळ्याजवळही संस्थेने घरे बांधली. तिथे कुणी कामाला गेले असल्यास फोटो जरूर आणावेत.