रात्री ठणकणाऱ्या दाढेसाठी: पेटी, गाडी आणि जागं राहणारी माणसं हवी आहेत

सप्रेम नमस्कार.

दाढ रात्रीच का दुखते, हा प्रश्न आम्हाला इतक्या जणांनी विचारलाय की या आवाहनाची सुरुवात तिथूनच करतो. दिवसभर नुसती कुरकुर करणारी दाढ अंथरुणाला पाठ टेकली की ठणकायला लागते. दाताच्या पोटात नस आणि रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा असतो आणि त्याच्या चारी बाजूंनी टणक भिंत. बोटाला सूज आली तर कातडी ताणते, सुजेला जागा मिळते. दाताच्या आत ती जागाच नाही. माणूस आडवा झाला की डोक्याकडे रक्ताचा जोर वाढतो आणि त्या बंद कोठडीतला ताण नाडीच्या प्रत्येक ठोक्याला नसेवर आदळतो. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: दोन उशा जास्त घ्या, डोकं उंच ठेवा, जमलं तर खुर्चीत टेकून बसल्या बसल्या डुलकी काढा.

आमच्या भागात दातांचा डॉक्टर नाही. जवळचा गाठायचा म्हटलं तरी दिवस मोडतो. सुट्ट्या लागून आल्या किंवा रस्ता बंद पडला तर दोन-तीन दिवस काढावे लागतात. ते दिवस कसे काढायचे, एवढाच आमच्या या छोट्या आरोग्य गटाचा विषय. दात आम्ही बरा करत नाही. आतपर्यंत किडलेला दात घरी बरा होतही नाही, कुणी काहीही सांगो. डॉक्टरपर्यंत पोहोचेतो माणसाला धड ठेवायचं, इतकंच आमच्या हातात आहे. त्यासाठी तुमची मदत हवी आहे, आणि त्यातली बरीचशी पैशांची नाही.

मागे एकदा रात्री अडीच वाजता एक गृहस्थ बायकोला घेऊन आले. बाईंनी गालाला तळहात लावलेला, बोलायला तोंड उघडवेना. संध्याकाळपासून लवंगतेलाचा बोळा दाढेपाशी धरून बसल्या होत्या, तेल जसंच्या तसं, थेंबभरही पातळ न केलेलं. टॉर्चच्या उजेडात पाहिलं तर हिरडी पांढरी पडून सोललेली. दाढेचं दुखणं होतंच, वर हे भाजल्याचं. दात बघायचा आरसा आमच्याकडे तेव्हा नव्हता, स्टीलच्या चमच्याची पाठ तोंडात धरून बघितलं. कोमट पाण्याच्या चुळा भरायला लावल्या आणि मागच्या दोन दाढांच्या फटीत फ्लॉसचा दोरा हळूहळू, पुढेमागे करत सरकवला. बाहेर आला तो जेवणातला एक तंतू, जेमतेम नखाएवढा. बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पाणी द्या, आता पिता येईल." दाढ किडलेली होतीच, ती पुढे डॉक्टरांनी भरली. पण ती रात्र दोऱ्यानं निभावली.

त्या रात्रीपासून आम्ही एक पेटी करायचं मनावर घेतलंय, आणि एकच नाही, तर प्रत्येक वस्तीत एक. पेटीत काय हवं ते सांगतो. दात बघायचा छोटा आरसा, डोक्याला बांधायचा टॉर्च (हातात धरायचा नको, दोन्ही हात मोकळे लागतात), फ्लॉसची डबी, कापूस, हातमोजे, थर्मामीटर, गालाला बाहेरून शेकायच्या थंड पिशव्या. पडलेल्या भरणाच्या जागी तात्पुरतं बसवायचं औषध तयार मिळतं, त्याच्या दोन-तीन ट्यूब. दाताची कॅप निघाली तर लोक सरळ घरातला चिकटवायचा गोंद लावतात, तो प्रकार थांबवायला हीच ट्यूब उपयोगी पडते. आणि मीठ. मीठ कुणी दान करत नाही, ते आमचं आम्ही बघू. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरल्या की हिरडी निवळते आणि अडकलेलं सुटतं. एवढ्या साध्या गोष्टीवर लोकांचा विश्वास बसत नाही, हे आमचं जुनं दुखणं.

लवंगतेलाची छोटी बाटलीही हवी आहे, वरच्या प्रसंगानंतरसुद्धा. दोष तेलाचा नव्हता. लवंगेत युजेनॉल नावाचं द्रव्य असतं, ते नस काही वेळ बधिर करतं. दंतवैद्यही युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड कालवून तात्पुरतं भरण करतात. पण ते खाण्याच्या तेलात पातळ करून, कापसाच्या टोकावर थेंबभर घेऊन, किडलेल्या खळग्यातच टेकवायचं, हिरडीला लागू न देता, आणि काही मिनिटांत काढून टाकायचं. लहान मुलांना मुळीच नाही. हिरडीवर ॲस्पिरिनची गोळी ठेवणं हा आणखी एक घरगुती पराक्रम. ॲस्पिरिन आम्ल आहे, त्यानं गालाच्या आतली कातडी अक्षरशः भाजते. ठेचलेला लसूणही तेच करतो.

आता गोळ्या. इथे आम्ही जरा कडक आहोत. दाढेच्या दुखण्यावर आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल या दोन साध्या गोळ्या एकत्र घेतल्या तर बहुतेक वेळा चांगला उतार पडतो. मोठ्या माणसाला, दुसरा काही आजार नसेल तर, पोटात काही घालून ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि सोबत ५०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. पुढचा डोस सहा ते आठ तासांनी. डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन दिवसाला १२०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये आणि पॅरासिटामॉल कोणत्याही परिस्थितीत ४ ग्रॅमच्या वर नाही. ठणक्यानं बेजार झालेला माणूस घड्याळ बघत नाही, हे खरं संकट. तासा-तासाला एकेक गोळी तोंडात टाकतो, त्यात सर्दीची गोळीही घेतो, आणि त्या सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं हे त्याला ठाऊक नसतं. दातदुखीपायी असं नकळत जास्त पॅरासिटामॉल जाऊन यकृताला इजा झालेली माणसं दवाखान्यांत येतात. म्हणून आमच्या पेटीत गोळ्यांसोबत एक कागद आणि पेन्सिल असते: कोणती गोळी, किती वाजता. पोटात अल्सर असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, रक्त पातळ करायचं औषध चालू असेल, दमा असेल, डेंग्यूची शंका असेल किंवा बाई गरोदर असेल तर आयबुप्रोफेन परस्पर घ्यायचं नाही, आधी फोन करायचा. लहान मुलांचा डोस वजनावर ठरतो, तो अंदाजानं द्यायचा नाही.

गोळ्या देणाऱ्यांना विनंती: न फोडलेलं पाकीट द्या, मुदत नीट वाचता येईल असं. गेल्या खेपेला आम्ही नुसतं "औषधं हवी आहेत" असं लिहिलं आणि दोन पिशव्या भरून अर्धवट कापलेल्या पट्ट्या आल्या. नावाचा भाग कापलेला, तारखेचा भाग कापलेला. चूक आमचीच, नीट सांगायला हवं होतं. त्या पट्ट्या निवडण्यात दोन संध्याकाळी गेल्या आणि शेवटी जवळजवळ सगळ्या नष्ट करायला द्याव्या लागल्या.

त्यात निम्म्याहून जास्त अँटिबायोटिक होतं. कृपा करून अँटिबायोटिक देऊ नका. दाढ दुखली की कपाटातलं उरलेलं अँटिबायोटिक काढायचं, ही सवय घरोघर आहे, पण नुसत्या ठणक्यावर त्याचा उपयोग नाही. दाताचा गाभा मेला की तिथपर्यंत रक्तच पोहोचत नाही, मग रक्तातून जाणारं औषध कुठून पोहोचणार? अमेरिकेतल्या दंतवैद्यांच्या संघटनेनं २०१९ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतही, नस सुजून होणाऱ्या ठणक्याला अँटिबायोटिक नको, असंच म्हटलंय. सूज पसरू लागली, ताप आला, तर लागतं, पण कोणतं आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतील, शेजारी नव्हे.

गाड्यांचं आवाहन याच सुजेसाठी आहे. दाढ दुखणाऱ्या दहांतले नऊ सकाळपर्यंत थांबू शकतात असं आपण समजू, पण जो थांबू शकत नाही त्याला ओळखायचं कसं हे सगळ्यांनाच कळायला हवं. सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरतेय किंवा डोळ्यापर्यंत चढतेय. तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही. गिळता येत नाही म्हणून लाळ बाहेर येतेय. आवाज घोगरा, जीभ वर उचलल्यासारखी, श्वासाला त्रास. ताप, हुडहुडी. यातलं एक जरी दिसलं तरी दातांच्या डॉक्टरची वाट बघायची नाही, जो मोठा दवाखाना जवळ असेल तो गाठायचा, रात्र असो वा सुट्टी. जिभेखाली पसरणाऱ्या या सुजेला डॉक्टर लुडविग्ज अँजायना म्हणतात. १८३६ साली लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरनं तिचं वर्णन करून ठेवलंय. ती श्वासनलिका दाबते आणि काही तासांत जिवावर बेतू शकते. अशा वेळी गाडी शोधत फिरायला वेळ नसतो. आठवड्यातली एक रात्र तुमची गाडी आणि तुम्ही, एवढं नाव नोंदवा. आत्ता सात रात्रींपैकी तीनच भरल्या आहेत.

जाता जाता आणखी एक. खालच्या जबड्यात कळ येतेय, दात सगळे ठीक आहेत, आणि चाललं-चढलं की कळ वाढते, घाम फुटतो, छाती जड होते, तर ती कळ दाताची नसून हृदयाची असू शकते. तेव्हाही हीच गाडी.

उलट प्रकारही सांगून ठेवतो. चार दिवस ठणकणारी दाढ एका सकाळी एकाएकी गप्प झाली की लोक डॉक्टरकडे जायचं रद्द करतात. बहुधा आतली नस मेलेली असते. आग विझलेली नसते, ती मुळाच्या टोकाशी जाऊन बसते आणि काही आठवड्यांनी पू होऊन परत येते. मग दात "उंच झाल्यासारखा" वाटतो, चावलं की जीव जातो. फोनवर बसणाऱ्या आमच्या माणसांना अशा लोकांच्या मागे लागून त्यांना डॉक्टरकडे पाठवावं लागतं, आणि ते काम सर्वांत कंटाळवाणं आहे. त्यासाठीही माणसं हवीत. वैद्यकीय ज्ञान लागत नाही. एक छापील कागद देतो, त्यावरचे प्रश्न विचारायचे, उत्तरं लिहायची, दुसऱ्या दिवशी परत फोन करायचा. चिकाटी आणि गोड आवाज, बस्स.

मुलांचे खेळ घेणाऱ्यांना वेगळं सांगायचंय. पडून किंवा चेंडू लागून पक्का दात मुळासकट निघाला तर मुळाला हात न लावता वरच्या पांढऱ्या भागाला धरा, माती लागली असेल तर क्षणभर पाण्यात धरा, घासू नका, आणि त्याच खळग्यात परत बसवा. ते जमत नसेल तर दुधात टाका आणि निघा. पहिला अर्धा-एक तास फार मोलाचा. आमच्याकडे एक दात कागदी रुमालात गुंडाळून, अगदी जपून, चार तासांनी आला होता. कोरडा ठक्क. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नाही.

आणि शेवटी दंतवैद्य मंडळींना. तुम्ही दूर आहात हे आम्ही जाणतो. आठवड्यातला एक तास फोनवर द्या, फोटो बघून "आज निघा" की "सोमवारी चालेल" एवढं सांगा. ज्यांना शक्य आहे त्यांनी महिन्यातून एक दिवस यावं. वीज आणि ड्रिल नसलं तरी बरंच काही होतं हे आम्ही तुम्हाला सांगायला नको: हातातल्या अवजारांनी कीड काढून ग्लास आयोनोमर नावाचं दातात भरायचं सिमेंट बसवायची पद्धत १९८०च्या दशकात टांझानियात सुरू झाली, ती अशाच जागांसाठी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये तेच सिमेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. त्याच संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा कुठला ना कुठला आजार आहे, तेव्हा तुम्हाला काम कमी पडणार नाही याची खात्री देतो. खुर्ची, टेबल, उकळतं पाणी आणि रांगेला शिस्त लावायला दोन खमकी माणसं आमच्याकडून.

ज्यांना पैसेच द्यायचे आहेत त्यांनी जरूर द्यावेत, पावती मात्र मागून घ्यावी. हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर लागतो. वस्तू संध्याकाळी आणून द्या, यादीवर सही करा. आणि टॉर्च देणार असाल तर सेल घालून, एकदा पेटवून बघून द्या. आमच्याकडे आत्ता चार टॉर्च आहेत आणि सेल एकाचेच.