बॅकअपची प्रत त्याच आवारात नको

माननीय संपादक महोदय,

फ्रान्समधील ऱ्हाइन नदीकाठच्या स्ट्रासबर्ग या ऐतिहासिक शहरात १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएचक्लाउड कंपनीच्या डेटा सेंटरला, म्हणजे ग्राहकांची माहिती साठवणाऱ्या सर्व्हरच्या केंद्राला, आग लागून एक संपूर्ण इमारत जळाली आणि ज्या व्यावसायिकांचा मूळ डेटा व बॅकअप (त्याची राखीव प्रत) एकाच आवारात होता, त्यांच्यापैकी काहींची माहिती कायमची गेली. नदीकाठच्या जुन्या शहरांत आगीबरोबर पुराचाही धोका असतो; तळमजल्यावरचा सर्व्हर आणि शेजारच्या कपाटातली हार्ड डिस्क एकाच वेळी पाण्याखाली जाऊ शकते.

म्हणून बॅकअप सेवा घेताना केवळ दर व साठवणुकीची जागा न पाहता, प्रती नेमक्या कोठे ठेवल्या जातात हे करारात लेखी मागून घ्यावे. तीन प्रती, साठवणुकीची दोन प्रकारची माध्यमे आणि एक प्रत दुसऱ्या ठिकाणी, हा या क्षेत्रातला रूढ नियम आहे. खंडणीसाठी होणाऱ्या सायबर हल्ल्यांत जोडलेल्या प्रतीही निकामी केल्या जातात, त्यामुळे एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली असणे मला तितकेच आवश्यक वाटते. सर्वाधिक दुर्लक्ष होते ते मात्र डेटा परत मिळवण्याच्या चाचणीकडे. हिशेबाची फाइल खरोखर उघडते का आणि काम पुन्हा सुरू व्हायला किती तास लागतात, हे सेवा पुरवठादाराने ठरावीक काळाने प्रत्यक्ष दाखवावे आणि व्यावसायिकांनी तसा आग्रह धरावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक